सुट्टीवर निघताना लॅपटॉप सोबत घ्यायचा असेल तर

मे महिन्यात किंवा दिवाळीत मुंबईकर गावी, गोव्याला किंवा हिमाचलला निघतो, तेव्हा कपड्यांच्या बॅगेइतकीच लॅपटॉपची बॅगही आता ठरलेली असते. रजा मंजूर होते, पण ‘गरज लागली तर लॉगिन करा’ एवढी पुस्ती तिला जोडलेली असते. म्हणून पहिला प्रश्न असा की लॅपटॉप खरोखर न्यायलाच हवा का. तिकिटे, नकाशे, फोटो आणि एखाद-दुसरा ईमेल यांसाठी फोन पुरतो. यंत्र कार्यालयाचे असेल आणि परदेशी जायचे असेल, तर ते देशाबाहेर नेण्याची परवानगी आधी लेखी घ्यावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर पुढची सगळी काळजी आपोआप मिटते. नेणे भागच असेल, तर लक्षात ठेवावे की लॅपटॉप बहुधा अट्टल चोरामुळे नव्हे, तर बॅग आपल्या अंगावरून उतरून कुठेतरी टेकते त्या दोन मिनिटांत जातो. प्रवासात असे क्षण कुठे कुठे येतात, ते आधीच हेरून ठेवावेत.

आठवडाभर आधी: आतल्या माहितीची व्यवस्था

यंत्र नवे घेता येते. मुलीच्या बारशाचे फोटो किंवा तीन वर्षांचे कर-विवरण नवे घेता येत नाही. म्हणून सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्यावी आणि प्रत घेतल्यावर त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. ती डिस्क घरी कपाटात ठेवावी. पुष्कळ जण ती लॅपटॉपच्याच कप्प्यात घालून नेतात आणि बॅगेबरोबर दोन्ही गमावतात.

त्यानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे. लॉगिनचा पासवर्ड असला म्हणजे माहिती सुरक्षित आहे, हा समज चुकीचा आहे, कारण आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की तो पासवर्ड वाटेतच येत नाही. डिस्कवरील मजकूर एन्क्रिप्ट केलेला असेल तरच तो वाचता येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी ‘बिटलॉकर’ आहे. होम आवृत्तीत, यंत्राला ती सोय असल्यास, सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हा पर्याय दिसतो. मॅकवर हेच काम ‘फाइलव्हॉल्ट’ करते. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे अडलेली डिस्क उघडणारा क्रमांक, ४८ अंकांची असते आणि कधीकधी अपडेटनंतर ती अचानक मागितली जाते. ती कागदावर उतरवून घरच्या माणसाकडे द्यावी, म्हणजे रत्नागिरीत बसून फोनवरून विचारून घेता येते. ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लावून ठेवणे होय.

हरवलेले यंत्र कुठे आहे ते दाखवणारी ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोय आधी चालू करून ठेवली असेल तरच उपयोगी पडते. विंडोजमध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेले असावे लागते, लोकेशन चालू असावे लागते आणि हरवलेले यंत्र इंटरनेटला जोडले जावे लागते. त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ती चालू करणे मात्र एका मिनिटाचे काम आहे.

लॅपटॉपच्या अनुक्रमांकाचे (सीरियल नंबरचे) महत्त्व फार कमी लोक जाणतात. मोबाइलला आयएमईआय हा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो आणि चोरीला गेलेला फोन ‘संचार साथी’ पोर्टलवरून बंद करून घेता येतो. सर्वसाधारण लॅपटॉपसाठी अशी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही. पोलिसांत तक्रार देताना ‘काळ्या रंगाचा, पंधरा इंची’ या वर्णनाचे हजारो लॅपटॉप असतात. आपला म्हणून ओळख पटवणारी गोष्ट म्हणजे तळाशी छापलेला अनुक्रमांक. त्याचा आणि खरेदीच्या बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवावा.

बॅग भरताना

कंपनीचे नाव छापलेली, चौकोनी, काळी बॅग आत काय आहे ते दुरूनच सांगते. त्याऐवजी गादीदार कव्हरात घातलेला लॅपटॉप साध्या पाठपिशवीत, पाठीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवावा. पावसाळ्यात पिशवीचे रेनकोट-कव्हर पुरेसे नसते, कारण पाणी पाठीकडून झिरपते; आत जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी असू द्यावी. लॅपटॉप बंद करून मगच बॅगेत घालावा, नुसता स्लीपवर ठेवू नये, अन्यथा तो आतल्या आत जागा होऊन तापतो. यंत्रावर आणि बॅगेत संपर्काची चिठ्ठी लावावी, पण तिच्यावर स्वतःचा नंबर न लिहिता घरी राहिलेल्या नातेवाइकाचा लिहावा. बॅगेबरोबर फोनही गेला असेल तर सापडलेल्या बॅगेचा निरोप येणार कुठे?

घर ते स्टेशन

टॅक्सी किंवा रिक्षातून उतरताना आधी पैसे देण्याची आपली सवय मोडावी. सगळे सामान खाली उतरवून मोजावे आणि मगच भाडे चुकते करावे. लॅपटॉप डिकीत किंवा रिक्षाच्या मागच्या फळीवर ठेवूच नये. लोकलने जायचे असेल तर रॅकवर ठेवलेली बॅग गर्दीत विसरण्याचा धोका मोठा असतो, कारण दादरला उतरायचे म्हणजे माणूस आधी दाराकडे पाहतो. बॅग पोटाशी धरून उभे राहावे. सहप्रवाशांच्या कपाळाला पडणाऱ्या आठ्या सोसाव्यात. खासगी ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये क्लीनर सर्व सामान डिकीत टाकायला सांगतो, तेव्हा ही एक बॅग वर नेणार असे ठामपणे सांगावे.

रेल्वेत

रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेससारख्या गाडीत खालच्या बर्थखाली सामान बांधण्यासाठी कड्या असतात, आणि साखळी-कुलूप मोठ्या स्थानकांबाहेर सहज मिळते. मोठी बॅग तिथे बांधावी, पण लॅपटॉपची बॅग उशाला घेऊन पट्टा दंडात अडकवून झोपावे. खिडकीजवळ डोके येत असेल तर बॅग आतल्या बाजूला घ्यावी. स्थानकातून गाडी हळूहळू सुटत असताना खिडकीतून हात घालणे सोपे असते. स्वच्छतागृहात जाताना ‘जरा लक्ष ठेवा हं’ असे समोरच्या काकूंना सांगून जाणे सौजन्याचे आहे, पण सुरक्षेचे नाही. लॅपटॉप सोबतच न्यावा.

डब्यातल्या अनेक सॉकेटमध्ये ११० व्होल्टचा पुरवठा असतो. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तर तो तिथेही चालतो. छापलेले नसेल तर लावू नये. चार्जिंगला लावून झोपू नये, कारण सॉकेट बर्थपासून दूर असला की यंत्र रात्रभर वाटेत राहते.

विमानात

लॅपटॉप चेक-इन सामानात देऊ नये. तिथे आदळआपट होते, आणि लिथियम बॅटरीला आग लागलीच तर केबिनमध्ये ती विझवता येते, मालाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तर फक्त हातसामानातच चालतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० दरम्यान असेल तर विमान कंपनीची संमती घ्यावी लागते. वॅट-तास छापलेले नसतील तर मिली-अँपिअर-तासांना व्होल्टने गुणून १००० ने भागावे: २०,००० मिली-अँपिअर-तास क्षमतेची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते. वरचे कप्पे भरले म्हणून ऐन दारात कर्मचारी आपली केबिन-बॅग खाली पाठवायला मागतात, तेव्हा लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून घेतल्याशिवाय ती देऊ नये.

सुरक्षा तपासणी हा या प्रवासातला सर्वांत नाजूक टप्पा आहे. ट्रे पुढे सरकतो आणि आपण मेटल डिटेक्टरच्या रांगेत अडकतो. एकदा माझ्या पुढच्या गृहस्थांनी माझाच लॅपटॉप उचलला होता. त्यांचा काही दोष नव्हता, कारण दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे होते. मुलाने झाकणावर चिकटवलेल्या पिवळ्या बेडकामुळे मला तो दहा पावलांवरून ओळखता आला. तेव्हापासून झाकणावर काहीतरी ठळक चिकटवण्याचा मी आग्रह धरतो. घड्याळ, पाकीट आणि पट्टा आधी सोडावा आणि लॅपटॉपचा ट्रे शेवटी, स्वतःची अंगतपासणी अगदी जवळ आल्यावर सोडावा.

मुक्कामी

खोलीत तिजोरी असेल आणि लॅपटॉप मावत असेल तर ती वापरावी. नसेल तर तो मोठ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवून बॅगेला कुलूप लावावे. टेबलावर उघडा ठेवून किनाऱ्यावर जाऊ नये. समुद्रकिनारी तो नेऊच नये, कारण तारकर्लीची बारीक वाळू कीबोर्डमध्ये शिरली की सहजासहजी निघत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत गाडी खाली ठेवून प्रवासी वर जातात. लॅपटॉप गाडीत न ठेवता वर न्यावा, पण उघड्या डेकवर काम करत बसू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतही तो ठेवू नये. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी साठवणुकीची कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सिअस सांगते आणि मे महिन्यात गाडीच्या आतले तापमान ती सहज ओलांडते.

कोकणात पावसाळ्यात वीज वरचेवर येते-जाते. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढावा. हॉटेलच्या किंवा स्थानकावरच्या मोफत वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यासाठी फोनचा हॉटस्पॉट वापरावा.

गेलाच, तर

हळहळ नंतर करावी. प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून का होईना, ‘फाइंड माय’ उघडून यंत्र लॉक करावे. मग मुख्य ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय निवडावा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या त्या ईमेलमध्येच असतात. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर संकोच न करता लगेच कळवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

रेल्वेत असाल तर १३९ वर फोन करावा; तिकीट तपासनीसाकडे किंवा गाडीतल्या सुरक्षा जवानांकडे एफआयआरचा अर्ज मिळतो, त्यासाठी प्रवास सोडून उतरावे लागत नाही. बॅग नुसती विसरली असेल तरीही कळवावे, कारण रेल्वे सुरक्षा दल ‘अमानत’ मोहिमेखाली सापडलेले सामान मालकांना परत करते. इतरत्र जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. चोरी झाली असेल तर ‘हरवल्याचा दाखला’ घेऊन परतू नये, एफआयआरच मागावा. विम्याच्या दाव्यासाठी तोच लागतो, आणि दावा करण्यापूर्वी पॉलिसीत बेवारस ठेवलेल्या वस्तूंबद्दल काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

मॅकबुक असेल तर आणखी एक गोष्ट. महिनाभर काहीच पत्ता लागला नाही म्हणून कंटाळून ते यंत्र आपल्या ॲपल खात्यातून काढून टाकू नये. ते यादीत राहते तोवर नव्या मॅकमधले ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ टिकून असते आणि दुसऱ्या कोणाला ते स्वतःचे म्हणून सुरू करता येत नाही.