त्रिकोणाच्या सिद्धता शिकवायला उभं राहण्याआधी

दहावीच्या लेकरांना त्रिकोणाची प्रमेयं सिद्ध करून दाखवायची असतील, तर आदल्या दिवशी एवढी तयारी करून ठेवा. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असा, संध्याकाळी गावात शिकवणी घेत असा, नाहीतर घरी धाकट्या भावाला घेऊन बसणार असा, यादी तीच. खडू, डस्टर, पट्टी हे सांगायला नको. दोन रंगांचे खडू मात्र घ्याच. एक जुनी लग्नपत्रिका आणि कात्रीही घ्या, ती कशाला ते पुढं येईल.

प्रमेयाचं विधान वहीत पूर्ण लिहा. ‘जर’च्या बाजूला आहे तो पक्ष, ‘तर’च्या बाजूला आहे ते साध्य. आकृती काढताना त्रिकोण वेडावाकडाच काढा, तिन्ही बाजू वेगळ्या. हाताला सवय असते आणि आकृती आपोआप समभुजासारखी निघते. मग लेकरं डोळ्यांना दिसतंय म्हणून मध्यगेलाच, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्याला जाणाऱ्या रेषेलाच, लंब म्हणून बसतात.

आता संगती. पहिल्या त्रिकोणाचा कोणता शिरोबिंदू दुसऱ्याच्या कोणत्या शिरोबिंदूशी जोडला, हे सिद्धतेला हात घालण्याआधी वेगळ्या ओळीत लिहून ठेवा. मागच्या वर्षी पायथागोरस शिकवताना माझ्याकडून नेमकी हीच ओळ सुटली. पक्ष, साध्य, रचना (सिद्धतेसाठी जादा काढलेली रेषा) सगळं फळ्यावर होतं, पण गुणोत्तरं लिहायची वेळ आली तेव्हा निम्म्या वह्यांत बाजू उलटसुलट. म्हणून सांगते, संगती आधी, गुणोत्तर नंतर.

तेच पायथागोरसचं प्रमेय बघू. काटकोन बी पाशी असलेला त्रिकोण एबीसी घ्या. बी मधून एसी वर लंब टाका, त्याचा पाया डी. आता एकात एक गुंतलेले तीन त्रिकोण झाले आणि गोंधळ इथंच होतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन सारखे काटकोन त्रिकोण कापा. एक अख्खा ठेवा, दुसऱ्यावर लंब काढून त्याचे दोन तुकडे करा. कापायच्या आधी कोपऱ्यांवर अक्षरं लिहा, दोन्ही बाजूंनी. एडीबी हा तुकडा अख्ख्या त्रिकोणावर ठेवून पाहा, नुसता फिरवून तो बसत नाही. पालथा घालून ए वर ए ठेवला की डी बरोबर एबी बाजूवर येतो आणि बी येतो एसी बाजूवर. हे एकदा लेकरांच्या हातानं झालं पाहिजे. मग ओळ लिहा : ए ला ए, बी ला डी, सी ला बी. त्रिकोण एबीसी समरूप (आकार तोच, माप वेगळं चालेल) त्रिकोण एडीबी, अक्षरांचा क्रम हाच. या क्रमावरून आकृतीकडं न बघता एबी : एडी = एसी : एबी लिहिता येतं, म्हणजे एबीचा वर्ग बरोबर एडी गुणिले एसी. दुसऱ्या तुकड्याची संगती ए ला बी, बी ला डी, सी ला सी. त्यातून बीसीचा वर्ग बरोबर डीसी गुणिले एसी. दोन्हींची बेरीज केली की एसीचा वर्ग समोर येतो. जुळणारे कोपरे एका रंगात, बाकीचे दुसऱ्या रंगात. खडू त्यासाठी.

समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय (एबी बरोबर एसी, तर कोन बी बरोबर कोन सी) घ्याल तेव्हा रचनेला एकच अट घाला. ‘एडी हा कोनदुभाजक व लंब काढला’ असं लिहिलेली वही मी सरळ परत देते. एक रेषा दोन अटी पाळते हे आधी सिद्ध करावं लागतं. दोन तुकडे एकरूप, म्हणजे तंतोतंत सारखे, दाखवायला कोनदुभाजक घेतला तर बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी, मध्यगा घेतली तर बाबाबा (तिन्ही बाजू). लंब घेतला तर कर्ण-भुजा ही काटकोन त्रिकोणांची कसोटी लागते आणि तिची नेहमीची सिद्धता याच प्रमेयावर टेकलेली असते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात हे प्रमेय पाचवं आहे आणि तीन बाजूंची कसोटी आठवी, याच प्रमेयाच्या आधारानं. आपल्या पाठ्यपुस्तकात कसोट्या आधीच मान्य धरल्या आहेत म्हणून परीक्षेत अडत नाही. पण एखादं हुशार लेकरू विचारेल, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

त्या लेकराला पॅपसची सिद्धता दाखवा. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या या गणितीच्या नावावर ती सांगितली जाते. रचनाच नाही. त्रिकोण एबीसी त्याच्याच जोडीला एसीबी म्हणून वाचायचा : ए ला ए, बी ला सी, सी ला बी. एबी बरोबर एसी, कोन ए सामाईक, एसी बरोबर एबी. बाकोबा लावली की कोन बी बरोबर कोन सी. इथं संगतीची ओळ काढून टाका, काय उरतं? काहीच नाही. म्हणून पुन्हा सांगते, ती ओळ लिहा.

केज, धारूर, वडवणीकडची ऊसतोडीला गेलेल्या घरातली काही लेकरं अर्ध्या वर्षानं वर्गात येतात. त्यांची नववी तशीच हुकलेली असते. त्यांना दहावीची समरूपता देण्याआधी एक तास फक्त एकरूपतेच्या कसोट्यांना द्या. हा तास वाया जात नाही. तो गाळला तर ती लेकरं सिद्धता पाठ करतात आणि आकृतीतली अक्षरं बदलली की कोरा कागद देतात. म्हणूनच सरावात अक्षरं बदला : पीक्यूआर, एक्सवायझेड, काहीही.

कोनांची बेरीज १८० अंश : शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा, दोन जोड्या व्युत्क्रम कोनांच्या, झालं. बाह्यकोनाचं प्रमेय त्यात वापरू नका, ते याच्यातूनच काढलेलं आहे.

प्रमाणाचं मूलभूत प्रमेय (एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्या प्रमाणात छेदते) : क्षेत्रफळांनी. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात, हे कारण कंसात लिहायला लावा. समांतर रेषा नेमकी कुठं वापरली तेही विचारा. व्यत्यास, म्हणजे पक्ष आणि साध्य उलटवलेलं विधान, वेगळा घ्या, दोन्ही एका दिवशी नको.

कृतीच्या चौकटी भरायच्या प्रश्नांत क्रम छापलेलाच असतो, तिथं संगती चौकटीबाहेर पेन्सिलीनं लिहायला सांगा. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. एका सिद्धतेला दहा मिनिटांच्या वर नको. आकृती पेन्सिलीनं, पक्ष, साध्य, मग संगतीची ओळ.