केवडा घालवायचा तर फेरस सल्फेट हिरवंच राहिलं पाहिजे

परतीचा पाऊस ओसरला की पंढरपूर-माळशिरस पट्ट्यातल्या उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात) केवडा, म्हणजे पानं पिवळी पडणं, दिसू लागतो, सांगोल्याकडे डाळिंबाचे शेंडे पिवळे पडतात. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची कमतरता समजा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढत असेल तर बहुधा नत्र कमी आहे; तिथे लोह फवारून पैसे घालवू नका.

आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह भरपूर असतं, पण फेरिक रूपात. फेरस लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावला की ते फेरिक होतं, आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास फेरिक जवळजवळ विरघळतच नाही. हेच ऑक्सिडीकरण फवारणीच्या टाकीतही होतं, आणि सामू एकाने वाढला की त्याचा वेग साधारण शंभरपट होतो. म्हणून बोअरच्या पाण्यात कालवलेलं फेरस सल्फेटचं फिकट हिरवं द्रावण बघता बघता पिवळं, मग तांबूस होतं. तळाला बसलेला गाळ पानात शिरत नाही, नोझल मात्र तुंबवतो.

त्यामुळे १५ लिटरच्या पंपाला आधी १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवा, मगच ७५ ग्रॅम फेरस सल्फेट टाका. क्रम उलटा नको. प्लास्टिकची बादली घ्या, ऊन उतरल्यावर फवारा, उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका. यात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), स्फुरदाची विद्राव्य खतं किंवा कॅल्शियम नायट्रेट मिसळलं तर साका होतो. लोह जुन्या पानातून नव्या पानात फारसं सरकत नाही, म्हणून ८-१० दिवसांनी दुसरी फवारणी लागतेच. डाळिंबाला फळं असतील तर आधी दोन-चार झाडांवर बघा, डाग पडू शकतात.

खडे घेताना रंग बघा. या फेरस सल्फेटचा रेणुभार २७८. त्यात लोह ५६ आणि पाण्याचे सात रेणू, म्हणजे १२६. किलोभर खड्यांत लोह २०० ग्रॅम, पाणी ४५० ग्रॅम. पिशवी उघडी राहिली की पाणी उडून खडे पांढुरके होतात, आणि तपकिरी थर चढला तर तेवढं लोह फेरिक झालेलं असतं. असा माल घेऊच नका.

उसाला जमिनीतून एकरी १० किलो पुरतं, पण ते १०० किलो शेणखतात ५-६ दिवस मुरवून द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. नुसतं फेकलेलं चुनखडीत लगेच बसून जातं. ठिबकमधून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेटच (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) घ्या, ईडीटीए हे दुसरं चिलेट अशा सामूला टिकत नाही. आणि रानात पाणी साचलं असेल तर आधी चर काढा, कारण साचलेल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना लोह उचलता येत नाही.