सायबरपंक अडखळत होता, दोष कार्डाचा नव्हता

माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. एवढं असूनही सायबरपंक २०७७ या गेममध्ये गाडी जोरात हाणली की चित्र थिजायचं. नवं कार्ड घ्यायच्या बेतात होतो (खिसा नको म्हणत होता). मग लक्षात आलं, गेम जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलाय. गाडी पळते तसं पुढचं शहर डिस्कवरून वाचावं लागतं, आणि फिरती तबकडी तिथेच मागे पडते. २०२३ च्या २.० अपडेटपासून तर एसएसडी (तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) किमान गरजेतच धरलीय. गेम तिकडे हलवला, थिजणं गेलं. १०८०पी रिझोल्यूशन, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) बंद, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करणारी सोय) क्वालिटीवर: सेकंदाला ६० च्या वर फ्रेम. हौसेनं पाथ ट्रेसिंगही (रे ट्रेसिंगचा फार जड प्रकार) लावून पाहिलं. स्लाइड शो! निऑन मात्र काय झकास दिसत होते.