उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकवायचाय? मग सुरुवात उळ्यापासून करा

एप्रिल-मे मध्ये लासलगाव, पिंपळगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि नेमका तेव्हाच भाव बसतो, हे सगळ्यांना माहितीय, तरी दरवर्षी निम्मी मंडळी त्याच रांगेत दिसतात कारण त्यांचा कांदा थांबूच शकत नाही. मग चाळीला, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडला, नावं ठेवायची. चाळीचा दोष असतोही कधी कधी, पण बऱ्याचदा कांदा शेतातच बिघडलेला असतो, आपल्याला तो ऑगस्टमध्ये वास आल्यावर कळतो एवढंच. म्हणून इथं पेरणीपासून सगळं सांगतो, पण जिथं टिकवणीचा संबंध येतो तिथं जास्त बोलणार.

बियाणं आणि रोप

टिकवायचा असेल तर रब्बीचंच, म्हणजे उन्हाळ कांद्याचंच वाण घ्या. एन-2-4-1 हे जुनं भरवशाचं, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा किरण, भीमा शक्ती पण चालतात. खरिपाच्या लाल कांद्याचं बी स्वस्त मिळालं म्हणून टाकू नका, तो कांदा लगेच विकायचा असतो, ठेवायचा नसतो. घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, असेल तर ते मागच्याच उन्हाळ्यातलं हवं, कांद्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं. विकत घेतलं तरी पाकिटावरची तारीख बघा आणि मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासून घ्या, आठ-दहा दिवसांचं काम आहे.

एका एकराला साधारण 3 किलो बी आणि चार-पाच गुंठे रोपवाटिका लागते. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उळं टाका. सपाट वाफ्यात फोकून टाकायची सवय असते आपल्याकडं, पण गादीवाफा करा, मीटरभर रुंद, वीतभर उंच, त्यावर चार बोटांवर ओळी पाडून बी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल. पाणी साचत नाही, मर कमी होते, तण काढायला पण ओळ दिसते.

खूप लवकर टाकलेलं रोप थंडीत जाड होतं आणि मग डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात. डेंगळा आलेला कांदा मधून पोकळ दांड्याचा असतो, तो चाळीत टिकत नाही.

लागवड

रोप 50 ते 55 दिवसांचं झालं की लागवड, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. उशीर झाला तर काय होतं ते समजून घ्या. कांद्याचा एकेक पापुद्रा म्हणजे पातीच्या एकेका पानाचं बूड, आणि फेब्रुवारीपासून दिवस मोठा व्हायला लागला, ऊन वाढलं की झाड पान काढायचं सोडून कांदा भरायला लागतं. तोपर्यंत पात कमी असेल तर कांदा पण गोल्टीच, म्हणजे बारीकच, होणार, मग वरून कितीही खत ओता.

अंतर ओळीत 10 सेंमी आणि दोन ओळींत 15 सेंमी. मजुरांना लागवड उक्ती, म्हणजे ठरावीक रकमेत ठेक्यानं, दिली असेल तर स्वतः वाफ्याच्या कडेला उभं राहा, कारण घाईत दोन-दोन रोपं एका ठिकाणी खोचली जातात. रोप काढायच्या आदल्या दिवशी वाफा भिजवा, पातीचा वरचा एक तृतीयांश शेंडा छाटा, मुळं बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून लावा. फार खोल लावायचं नाही.

खत, इथंच खरी गडबड होते

संस्थेची शिफारस हेक्टरी 110 नत्र, 40 स्फुरद, 60 पालाश अशी आहे, एकरी बघितलं तर साधारण 44, 16, 24 किलो. माती परीक्षण केलेलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. स्फुरद-पालाश सगळं लागवडीच्या वेळी, नत्र थोडं तेव्हा आणि बाकीचं दोन हप्त्यांत, 30 आणि 45 दिवसांनी. गंधक विसरू नका, एकरी 12 ते 15 किलो, त्यानं तिखटपणा येतो आणि टिकवण पण सुधारते.

आणि 45 दिवसांनंतर युरियाच्या गोणीला हात लावू नका. शेजाऱ्याची पात हिरवीगार बघून मोह होतो, मार्चमध्ये अजून एक डोस मारला जातो, पात काळीशार दिसते, कांदा पण वजनदार होतो, पण मान जाड राहते, जोड कांदा वाढतो आणि चाळीत सगळ्यात आधी सडतो तो हाच.

पाणी, फुलकिडे वगैरे

कांद्याची मुळं वरच्या वितीतच असतात, म्हणून हलकं पाणी आणि वेळेवर. थंडीत दहा-बारा दिवसांनी, ऊन वाढल्यावर सहा-आठ दिवसांनी, जमीन बघून. ठिबक असेल तर उत्तमच. जमीन भेगाळेपर्यंत ताण द्यायचा आणि मग धो धो पाणी सोडायचं असं केलं की कांदे फुटतात.

फुलकिडे बघायचे असतील तर पात वरवर बघून काही दिसत नाही, मधली दोन पानं फाकवा, बुडाशी पिवळसर बारीक किडे पळताना दिसतील. पातीवर पांढरट ठिपके आले म्हणजे उशीर झालाय. पात मेणचट असते, औषध घसरून जातं, म्हणून फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, घालाच. एकच औषध सारखं सारखं मारू नका. लागवडीआधी महिनाभर कडेनं मक्याच्या दोन ओळी लावल्या तर बाहेरून येणारे फुलकिडे बरेच अडतात, आणि जनावरांना चारा होतो तो वेगळाच. फेब्रुवारीत ढगाळ हवा आणि दव असेल तर करप्यावर, म्हणजे पात करपवणाऱ्या बुरशीच्या रोगावर, लक्ष ठेवा.

काढणी

निम्म्याच्या वर माना आपोआप पडल्या की कांदा तयार. माना पाडायला रिकामा ड्रम फिरवतात काही जण, त्याची गरज नाही, मान आतून वाळायला हवी, नुसती वाकून उपयोग नाही. पाणी काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी तोडा. शेवटचं एक पाणी देऊ का, वजन वाढेल, हा प्रश्न दरवेळी येतो. लगेच विकायचा असेल तर तुमची मर्जी, चाळीत टाकायचा असेल तर अजिबात नको.

उपटल्यावर लगेच पात कापायची नाही. ओळीत असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांना झाकेल, म्हणजे कांदा उन्हानं भाजत नाही आणि पातीतलं सत्त्व उतरत राहतं. तीन-चार दिवसांनी पात कापा, मानेला पिळ देऊन, दोन-तीन सेंटीमीटर ठेवून. अगदी बुडाशी कापली की तिथूनच बुरशी शिरते. मग जोड, डेंगळ्याचे, फुटलेले, जाड मानेचे आणि गोल्टी बाजूला काढा आणि चांगला माल सावलीत पातळ ढीग करून दहा-पंधरा दिवस सुकवा. मान दोन बोटांत चोळून बघा, कोरडी कागदासारखी वाजली पाहिजे, ओलसर गुळगुळीत लागली तर अजून थांबा. अवकाळीची भीती असते म्हणून लोक ताडपत्री टाकतात, टाका, पण पाऊस गेला की लगेच काढा, आत घाम सुटतो.

चाळ भरताना

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि खालून हवा खेळती हवी, कप्प्याची रुंदी चार फूट, ढीग पण चार-पाच फुटांपर्यंतच. जागा उरलीय म्हणून वर वर रचत गेलं की खालचे दबतात आणि मधे गरम होतं. एक पाखी, म्हणजे कप्प्यांची एकच रांग असलेली चाळ दक्षिणोत्तर, दोन रांगांची दोन पाखी पूर्व-पश्चिम. क्रेट नसतील तर पाटीनं हळू ओता, उंचावरून टाकलेला कांदा बाहेरून चांगला दिसतो पण आतून चेचतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट किंवा नेटचे पडदे लावा, उघडीप मिळाली की वर करा.

एकदा भरला की सारखं खालीवर करायचं नाही. पंधरा दिवसांनी चाळीभोवती चक्कर मारायची, खालून काळं पाणी ठिबकतंय का, कुठल्या कप्प्याचा वास येतोय का ते बघायचं. ज्या कप्प्याचा वास येईल तो भावाची वाट न बघता आधी फोडायचा, निवडून चांगला माल मार्केटला न्यायचा, बाकी कप्पे तसेच बंद ठेवायचे.