खांद्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम: या चुका टाळा

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे बंध. त्याच्या ऑपरेशनमध्ये दंडाच्या हाडापासून सुटलेला स्नायूबंध पुन्हा हाडाला शिवतात. शिवण पहिल्या दिवसापासून धरून ठेवते, पण स्नायूबंध हाडाशी नीट जुळून यायला साधारण १२ आठवडे लागतात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी कमी होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं की हाताला आधार देणारी झोळी (स्लिंग) सुटते, वरच्या फळीवरचा डबा काढायला हात आपसूक जातो आणि शिवणीवर ताण येतो. डॉक्टरांनी झोळी सहा आठवडे सांगितली असेल तर ती सहा आठवडेच ठेवा, रात्रीसुद्धा.

सगळ्यात जास्त चुकतो तो लंबकाचा व्यायाम. पुढे वाकून, चांगला हात टेबलावर टेकवून, ऑपरेशनचा हात सैल सोडायचा आणि कमरेने झुलायचं. हात त्या झोक्याने आपोआप हलला पाहिजे. बहुतेक जण खांद्याच्या जोराने हात गोल फिरवतात. तेव्हा जो स्नायू शिवलाय, तोच कामाला लागतो. पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येक व्यायामाला हा प्रश्न विचारा: हात कोण हलवतंय? उत्तर शरीराचा झोका, दुसरा हात, काठी, कप्पीची दोरी किंवा फिजिओ असंच यायला हवं. स्वतःच्या ताकदीने हात उचलणं साधारण सहा आठवड्यांनंतर, वजन किंवा रबरी पट्टा साधारण तीन महिन्यांनंतर. फाटलेला भाग मोठा असेल तर आणखी उशिरा.

हात उचलायला परवानगी मिळाली की पुढची चूक सुरू होते: खांदा कानाकडे चढतो. हात वर गेल्यासारखा दिसतो, पण काम मानेजवळचे स्नायू करत असतात आणि संध्याकाळी मान धरते. आरशासमोर उभे राहा. खांदा चढायला लागला की तिथेच थांबा. कमी उंची, पण स्वच्छ हालचाल.

भीतीने काहीच न करणारेही अडचणीत येतात. बोटं, मनगट आणि कोपर यांची हालचाल, डॉक्टरांची हरकत नसेल तर, पहिल्या दिवसापासून करायची. मधुमेह असलेल्यांचा खांदा जास्त आखडतो, त्यांनी तर अजिबात खाडा करू नये. पण आखडलाय म्हणून कुणाकडून मालीश करून ओढून घेऊ नका.

घरातल्या सवयींकडेही लक्ष हवं. अंथरुणातून उठताना त्या हातावर भार देऊ नका. सदरा घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना पाठीशी उशा लावून थोडं उंच टेका आणि कोपराखाली एक उशी ठेवा, म्हणजे दंड मागे पडत नाही.

शेजारच्यांचा व्यायामाचा तक्ता उतरवून घेऊ नका. निखळलेल्या खांद्याचं ऑपरेशन किंवा सांधाबदल झाला असेल तर हात बाहेर फिरवण्यावर आणि पाठीमागे नेण्यावर वेगळी बंधनं असतात.

व्यायामानंतर थोडं दुखून तासाभरात शमलं तर ठीक. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर आणि आवर्तनं कमी करा, फिजिओला सांगा. मात्र ताप, जखमेतून स्राव, हाताला नवा बधिरपणा, किंवा ‘कट्’ आवाज येऊन हाताची ताकद एकदम गेली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका; त्याच दिवशी सर्जनना फोन करा.