जर्मन शेफर्डचं पिल्लू घेताय? आधी आईबापाचा एक्स-रे मागा

कुत्रा पाळायचा हे घरात ठरलंय, रोज फिरवायला कोण नेणार हेही ठरलंय असं धरून चालतो. जर्मन शेफर्ड ही मुळात मेंढ्या राखायची जात, दिवसभर कळपाभोवती पळणारी, त्यामुळे तिचे मागचे पाय बिघडले की त्या कुत्र्याचं जगणंच अवघड होतं.

ब्रीडर शोधताना फोनवरच निम्मे गळतात. 'डबल बोन' म्हणाला की फोन ठेवा, अशी काही हाडं नसतात. वर्षभर कधीही पिल्लं तयार असतील तर तो ब्रीडर नाही, व्यापारी आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती बघा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला त्याच नियमांत बंदी आहे, तेव्हा महिन्याभराचं पिल्लू कोणी देत असेल तर घेऊ नका.

आता खरी अडचण, जिथे मी स्वतः फसलो.

'पेपर आहेत' हे ऐकून मी माझं पहिलं पिल्लू आणलं. केसीआयचं, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, सर्टिफिकेट खरं होतं, आईबापाची नावंही खरी, बाप तर शोमध्ये जिंकलेला. दहाव्या महिन्यात ते पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायला लागलं, बसलेलं उठताना कण्हायचं. एक्स-रे काढला तर दोन्ही खुबे उथळ, हिप डिस्प्लेशिया. ब्रीडरला फोन केला तर म्हणाला तुम्ही टाइल्सवर पळवलं असेल. टाइल्सनं त्रास वाढतो हे खरं, पण दोष बऱ्याच अंशी रक्तातून येतो, आणि त्या आईबापाचे खुबे कोणी कधी तपासलेच नव्हते. केसीआयचा कागद वंश सांगतो, हाडांबद्दल त्यात एक अक्षर नसतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर तो कुत्रा मी घेतला नसता, आणि त्याचे हाल बघायची वेळ आली नसती.

दोन महिन्यांच्या पिल्लाचे खुबे तपासून काही कळत नाही, म्हणून तपासणी आईबापाची. दोघांचीही. 'आमच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलंय', 'बघा ना कसा पळतोय' ही उत्तरं चालवून घेऊ नका, हलका डिस्प्लेशिया असलेला कुत्रा तरुणपणी मस्त पळतो. कुत्र्याला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढलेली एक्स-रेची प्लेट लागते, आणि तिला कोणीतरी ग्रेड दिलेला असावा लागतो. अमेरिकेत कुत्र्यांची हाडं तपासून ग्रेड देणाऱ्या ओएफए या संस्थेचा पक्का ग्रेड २४ महिन्यांनंतरच मिळतो, जर्मनीत शेफर्डचा एक्स-रे १२ महिन्यांनंतर धरतात. तेव्हा आठ महिन्यांच्या वयाची प्लेट दाखवली तर ती बाजूला ठेवा.

प्लेटवर कुत्र्याची ओळख पटवणारा मायक्रोचिप नंबर आणि तारीख आहे का ते बघा, मग समोर उभ्या असलेल्या आईची चिप स्कॅन करून नंबर जुळवा. लाज वाटून घेऊ नका, चांगला ब्रीडर स्वतःच स्कॅनर आणून देतो. नर दुसऱ्या गावचा असेल तर त्याच्या रिपोर्टचे फोटो मागवा. इम्पोर्टेड लाइन म्हणून जर्मन कागद पुढे केला तर शिक्का वाचा: 'नॉर्माल' सगळ्यात चांगला, 'फास्ट नॉर्माल' म्हणजे जवळपास नॉर्मल, आणि 'नोख त्सूगेलासेन' म्हणजे अजून परवानगी आहे इतकंच. आई आणि बाप दोघांच्याही कागदावर हा तिसरा शिक्का असेल तर मी ते पिल्लू घेणार नाही. कोपरांचा एक्स-रेही त्याच वेळी निघतो, तो वेगळा मागा.

डीएम या मज्जारज्जूच्या आजाराची डीएनए टेस्ट गालाच्या आतून स्वॅब घेऊन होते. एक जण कॅरियर (दोषी जीनची एकच प्रत असलेला) आणि दुसरा क्लिअर (एकही नसलेला) असेल तर घाबरू नका, त्या पिल्लांना सहसा तो आजार होत नाही. दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक पिल्लाची टेस्ट झालेली हवी.

एवढं करूनही खात्री मिळत नाही, कारण डिस्प्लेशिया एका जीनवर चालत नाही. म्हणून आधीच्या लिटरमधली, म्हणजे आधीच्या वेतातली, पिल्लं आता कशी चालतात ते विचारा आणि त्यांच्या दोन मालकांशी बोला. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्यापेक्षा 'एका लिटरमध्ये एक खराब निघालं होतं' असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास जास्त. आणि एक्स-रे बघेपर्यंत मुलांना सोबत नेऊ नका, पिल्लू एकदा मांडीवर बसलं की कागद कोणी वाचत नाही.

पिल्लू निवडणं सोपं आहे: हाक मारल्यावर येणारं, डोळे आणि नाक स्वच्छ असलेलं. लसीचं कार्ड आणि जंताच्या औषधाच्या तारखा घ्या, केसीआयचा कागद तुमच्या नावावर करून घ्या, आणि एक जुना टॉवेल आईच्या अंगावर घासून गाडीत ठेवा, पहिल्या रात्री तो पिल्लाजवळ लागतो.