कोल्हापुरी चप्पल घेताना तिचा माग कसा काढावा

बेळगावच्या खडेबाजारात जोड याच जिल्ह्यातल्या अथणी गावचा असला तरी दुकानदार नाव कोल्हापूरचेच सांगतो. खरे तर लपवायचे काही कारण नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येण्याची नोंदणी) मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणून ‘कोल्हापूरची आहे का?’ हा प्रश्नच सोडा. ‘कुठल्या गावात, कोणी शिवली?’ असे विचारा.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये याच धाटणीच्या सँडल आणल्या आणि उगमाचे नाव घेतले नाही, तेव्हा मोठी ओरड झाली. शेवटी कंपनीला ते मान्य करावे लागले. गल्लीतल्या दुकानात तेच रोज घडते, तिथे मात्र कोणी ओरडत नाही.

आधी कागद

पक्के बिल मागा. त्यावरच्या १५ अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. निपाणीच्या दुकानाचा २९, पलीकडे कागलच्या दुकानाचा २७. पण हे आकडे विक्रेता कुठे नोंदलाय एवढेच सांगतात, चप्पल कुठे शिवली ते नाही. जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये हा क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. नाव आणि पत्ता जुळतो का, नोंदणी चालू आहे की रद्द, ते बघा. नोंदणी रद्द असून बिलात कर लावला असेल तर तिथून उठा. मात्र घरी शिवून विकणाऱ्या छोट्या कारागिराकडे जीएसटी क्रमांक नसतोच बहुधा. तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नका.

पेटीबंद माल असेल तर निर्मात्याचे किंवा पॅकरचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली हवी. नुसते ‘मार्केटेड बाय’ असेल तर शिवणारा कोण, हे अजून कळलेलेच नाही.

क्यूआर कोड

एकाच प्रकारचे दोन जोड घ्या आणि दोन्हींचे कोड स्कॅन करा. दोन्हीकडून दुकानाचे इन्स्टाग्राम किंवा एकच पान उघडले तर ती जाहिरात समजा. कामाचा कोड कारागीर, जिल्हा आणि वापरलेला माल सांगतो. महाराष्ट्राच्या लिडकॉम या सरकारी चर्मोद्योग महामंडळाने असे कोड आणले आहेत. अथणीच्या जोडावर तो दिसला नाही म्हणून जोड नकली ठरत नाही. कर्नाटकात चर्मोद्योगाचे काम लिडकर हे वेगळे महामंडळ पाहते.

मग चप्पल हातात घ्या

इथे घाई करू नका, कारण कागद खोटा करणे सोपे असते. जुन्या पद्धतीच्या जोडात तळ चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. कडेला नायलॉनचा दोरा किंवा रबराचा तळ दिसला तर ते दुसरेच काम. तळाची कड नखाने दाबा: मध्ये पुठ्ठा भरला असेल तर तो दबतो, आणि पहिल्याच पावसात फुगतो.

चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असेल तर कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमने (म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्याची कड बहुधा निळसर-राखाडी असते, पण वरून रंग दिला असला तर फसगत होते. तळाच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. झाडपाल्याने कमावलेले चामडे तो शोषते आणि तिथे गडद डाग पडतो. तेल-पॉलिश असेल तर थेंब तसाच राहतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. घाऊक घेणाऱ्याने चामड्याची कातरण मागून उकळत्या पाण्यात टाकावी: सालीचे चामडे आकसून कडक होते, क्रोमचे जवळपास तसेच राहते.

शेवटी तीन प्रश्न

चामडे कुठून आले? (अथणीत शिवले म्हणजे अथणीतच कमावले असे नाही.) पट्ट्यावरची वेणी कोणी घातली? आणि ती घालणाऱ्या बाईला जोडामागे किती मिळाले? हे नाजूक काम बहुतेक वेळा बायका घरी बसून करतात, आणि साखळीतले नेमके हेच टोक कुठल्याही लेबलवर येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार बगल देईल. किमान गावाचे नाव आणि ‘हाताने शिवलेली’ हे बिलावर लिहून घ्या. पुढे फसवणूक निघाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना तेच कामी येते.